यकृतातल्या गळवाचा इलाज : एक कुळकथा

नगर शहराच्या नैर्ऋत्येस, पुण्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर वसलेले आणि रेणुकादेवीच्या ठाण्यामुळे साऱ्या जिल्ह्यास ठाऊक असलेले केडगाव हे एके काळी शेतमळ्यांचे स्वतंत्र खेडे होते. आज ते अहिल्यानगर महापालिकेच्या हद्दीतले दाट वस्तीचे उपनगर आहे. अशा उपनगरातल्या दवाखान्यात एखादा तिशी-चाळिशीतला कष्टकरी पुरुष येतो. आठ-दहा दिवस हुडहुडी भरून ताप येत असतो, उजव्या बरगडीखाली जड ठणका असतो, खोकले की तो ठणका उजव्या खांद्यापर्यंत पोहोचतो, आणि डॉक्टरांनी दोन बरगड्यांमधल्या खाचेत बोट दाबताच तो कळवळतो. पोट बिघडले होते काय, आव पडली होती काय, असे विचारले तर बहुधा नकारच मिळतो. मग सोनोग्राफी होते, यकृताच्या उजव्या खंडात गळू दिसते, मेट्रोनिडॅझोलची योजना होते आणि तीन-चार दिवसांत ताप उतरून माणूस जेवू लागतो. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी याच लक्षणांच्या निम्म्याहून अधिक रोग्यांची गाठ मृत्यूशी पडत असे.

हा पालट एकाएकी झालेला नाही आणि तो एका माणसाच्या बुद्धीचाही नाही. सह्याद्रीच्या उतारावरचे एक कडू झाड, ब्राझीलच्या अरण्यातले एक मूळ, गोव्यात छापलेला एक पोर्तुगीज ग्रंथ, मुंबईतली एक रसायनशाळा, कलकत्त्यातले एक रुग्णालय आणि डरबनमधले एक संशोधनकेंद्र अशा दूरदूरच्या ठिकाणांहून या उपचाराचे पूर्वज एकत्र आले आहेत. त्यांची हकिकत लावून पाहिली म्हणजे एक गोष्ट मनावर ठसते. आतड्यातली आव आणि यकृतातले गळू यांचे जन्यजनक नाते जेथे ओळखले गेले तेथे इलाज पुढे सरकला, आणि जेथे ते नाते दृष्टिआड झाले तेथे उत्तम औषध हाती असूनही रोगी दगावला किंवा अर्धामुर्धाच बरा झाला.

प्रथम रोगाचे स्वरूप ध्यानी घेणे इष्ट होईल. एन्टामीबा हिस्टोलिटिका हा एकपेशी परोपजीवी माणसाच्या मोठ्या आतड्यात राहतो. त्याची दोन रूपे असतात : एक हालचाल करणारे, ऊती कुरतडणारे आणि शरीराबाहेर लवकर मरणारे; दुसरे चार केंद्रकांचे, कवचबंद, मिलिमीटरच्या सुमारे शंभराव्या भागाएवढे आणि ओलाव्यात कित्येक दिवस तग धरणारे. विष्ठेने दूषित झालेल्या पाण्यातून वा अन्नातून दुसरे रूप पोटात जाते आणि आतड्यात पोहोचल्यावर त्यातून पहिले बाहेर पडते. पुष्कळांच्या बाबतीत ते तेथे निमूटपणे नांदते; काहींच्या आतड्याच्या अस्तरात शिरून व्रण पाडते, तेव्हा पोटात मुरडा येतो, शौचास पुनःपुन्हा जावे लागते आणि शेंबडासारखी, रक्ताने माखलेली आव पडते. क्वचित आतड्याला छिद्र पडून उदरात पू पसरतो. आणि कधी हे जीव आतड्याच्या भिंतीतील नीलांत शिरून प्रतिहारी शिरेच्या प्रवाहाबरोबर यकृतात उतरतात आणि तेथील पेशी विरघळवीत पोकळी खणत जातात. ही पोकळी फुप्फुसाकडे, उदरात किंवा डाव्या खंडातली असल्यास हृदयाच्या आवरणात फुटू शकते. स्त्रियांपेक्षा पुरुषांत हे गळू कितीतरी पटींनी अधिक आढळते, मद्यपानाची जोड मिळाली की त्याचे भय वाढते, आणि गळू होते त्या वेळी जुलाब चालू असतातच असे नाही. आव केव्हाची तरी पडून गेलेली, विसरलेली असते. शतकानुशतके वैद्यांना जे चकवीत आले ते नेमके हेच.

आपल्याकडील प्राचीन आयुर्वेदज्ञांनी या व्याधीची दोन्ही टोके स्वतंत्रपणे अचूक पाहिली होती. मुरड्यासह थोडा थोडा कफयुक्त वा रक्तयुक्त मल पडण्याच्या विकारास त्यांनी प्रवाहिका म्हटले आणि अतिसाराच्या सान्निध्यात तिचे वर्णन केले. शरीराच्या आत होणाऱ्या गळवांना सुश्रुताने अंतर्विद्रधी मानून त्यांची जी स्थाने सांगितली त्यांत यकृताची स्पष्ट गणना आहे. प्रवाहिकेवर त्यांच्या हाती जे द्रव्य होते ते कुटज, म्हणजे आपला कुडा. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात निरनिराळ्या कार्यांसाठी श्रेष्ठ ठरलेल्या द्रव्यांची जी यादी आहे, तीत कफ, पित्त आणि रक्त यांचा स्राव बांधून कोरडा करणाऱ्या द्रव्यांमध्ये कुटजाच्या सालीस अग्रमान दिला आहे. द्रव्याची पारख इतकी नेमकी असताना विद्रधीच्या चिकित्सेत कुटजाला मात्र ते स्थान मिळाले नाही, कारण प्रवाहिका आणि यकृतातील विद्रधी ही एकाच बीजाची दोन फळे आहेत हे डोळ्यांस दिसण्याजोगे नव्हते.

कुड्याचे झाड मराठी मुलखास नवे नाही. नगर जिल्ह्यातच अकोले तालुक्याच्या डोंगराळ भागात, हरिश्चंद्रगड-भंडारदऱ्याच्या परिसरात, उन्हाळ्याच्या अखेरीस त्याला पांढऱ्या सुगंधी फुलांचे घोस येतात आणि त्या फुलांची व कोवळ्या शेंगांची भाजी रानातली माणसे आवडीने खातात. परंतु औषधासाठी साल काढणाऱ्यास दोन कुड्यांतला भेद कळावा लागतो. पांढऱ्या कुड्याच्या जोडशेंगा देठापाशी एकत्र निघून टोकांशी एकमेकींपासून सुट्या लोंबतात. काळ्या कुड्याच्या शेंगांची टोके परस्परांस चिकटलेली असतात. पांढऱ्याचे बी ते कडू इंद्रजव, काळ्याचे ते गोड इंद्रजव. सालीचा तुकडा जिभेवर ठेवला तर पांढऱ्या कुड्याचा कडूपणा घशापर्यंत उतरून बराच वेळ रेंगाळतो. काळ्याची साल तशी कडू लागत नाही. आव थांबविण्याचा गुण त्या कडूपणातच आहे, म्हणून साल पारखण्याचा तो सोपा आणि भरवशाचा दाखला होय.

या सालीपासून कुटजारिष्ट होते. कुड्याची साल, मनुका, मोहाची फुले आणि शिवणीची साल पाण्यात उकळून काढा चतुर्थांश उरेपर्यंत आटवावयाचा, गाळून निवल्यावर त्यात गूळ आणि धायटीची फुले घालावयाची आणि तोंड बांधून महिनाभर संधान होऊ द्यावयाचे, अशी त्याची कृती आहे. काढा आटवून त्याच्या वळलेल्या गोळ्या म्हणजे कुटजघनवटी. नगरच्या मातीत ही विद्या केवळ घरगुती बटव्यापुरती राहिली नाही. वैद्य गंगाधरशास्त्री गुणे यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात येथे आयुर्वेद महाविद्यालयाचा पाया घातला, आणि त्यांचे ‘आयुर्वेदीय औषधीगुणधर्मशास्त्र’ महाराष्ट्रातल्या वैद्यांच्या हाताशी पिढ्यान्‌पिढ्या राहिले. औषध कोणत्या अवस्थेत द्यावे आणि कोणत्या अवस्थेत देऊ नये याचा काटेकोर विचार मराठीतून व्हावा, हा त्यांच्या श्रमांचा मोठा लाभ आहे.

युरोपास कुड्याची वार्ता लागली तिच्या हकिकतीतही नगरचा धागा आहे. गार्सिया द ऑर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ साली हिंदुस्थानात आला आणि गोव्यात स्थायिक झाला. अहमदनगरचा सुलतान बुऱ्हाण निजामशहा याच्याशी त्याचा स्नेह जुळला. निजामशाही दरबारी त्याचे जाणे-येणे होते, सुलतानावर त्याने उपचार केले आणि तेथल्या हकिमांशी औषधांची नावे, गुण आणि मात्रा यांविषयी त्याच्या चर्चा झाल्या. या अनुभवांचे सार असलेला त्याचा संवादरूप ग्रंथ १५६३ साली गोव्यात छापला गेला. त्यात अतिसारावरच्या ज्या ‘मलबारी वनस्पती’चे वर्णन येते ती म्हणजे कुडाच, असे पुढील अभ्यासकांनी ठरविले. युरोपातल्या विश्वविद्यालयांत अजून ग्रीक ग्रंथांचा अंमल चालू असताना एका परदेशी वैद्याने येथल्या वैद्य-हकिमांचे प्रामाण्य मानावे आणि त्यांचा नामनिर्देश करावा, ही साधी गोष्ट नव्हे. औषधी ज्ञान एका समाजाकडून दुसऱ्याकडे जाते ते बहुधा अशाच परस्पर आदराच्या वाटेने, आणि त्या वाटेवरचा एक मुक्काम आपल्या नगरास होता.

त्यानंतर अठराव्या शतकात कुड्याची साल युरोपच्या बाजारात पोहोचली, काही काळ गाजली आणि मग तिची पत गेली. तिच्या नावाखाली काळ्या कुड्याची निरुपयोगी साल मिसळली जाऊ लागली, गुण येईनासा झाला आणि परक्या डॉक्टरांनी दोष भेसळीस न देता झाडालाच दिला. तिची पुनर्तपासणी मुंबईत झाली. ग्रँट मेडिकल कॉलेजातले रसायनशास्त्राचे अध्यापक हेन्स यांनी १८५८ साली सालीतून एक क्षारद्रव्य वेगळे काढले. तेच आज कोनेसीन या नावाने ओळखले जाते. पुढे मुंबईतच विल्यम डिमॉक यांनी पश्चिम हिंदुस्थानातील वनौषधींचा जो परिश्रमपूर्वक आढावा घेतला त्यात दोन्ही कुड्यांचा घोळ निस्तरला, आणि विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात कलकत्त्याच्या उष्णकटिबंधीय वैद्यकविद्यालयात रामनाथ चोप्रा यांनी कुड्याच्या क्षारांची आधुनिक पद्धतीने परीक्षा केली. आतड्यातल्या अमीबावर त्यांचा परिणाम होतो हे सिद्ध झाले. मात्र शुद्ध कोनेसीन मोठ्या मात्रेत मेंदूस त्रासदायक ठरते असे पुढे आढळले, आणि तोवर दुसऱ्या एका वनस्पतीने आघाडी घेतली होती.

ती वनस्पती म्हणजे इपिकॅक, ब्राझीलच्या दाट अरण्यातले वांतिकारक मूळ. तेथील आदिवासींकडून तिची माहिती पोर्तुगीजांस मिळाली आणि १६४८ साली प्रसिद्ध झालेल्या पिसो व मार्कग्राफ यांच्या ब्राझीलविषयक ग्रंथातून ती विद्वानांस कळली. पॅरिसमध्ये हेल्वेशियस नावाच्या वैद्याने तिचे गुप्त औषध करून आमांशावर नाव कमावले, आणि चौदाव्या लुईच्या सरकाराने १६८८ साली सहस्र सुवर्णमुद्रा मोजून ते गुपित विकत घेऊन सर्वांस खुले केले. हिंदुस्थानात कंपनीच्या अमदानीत ही भुकटी लष्करी दवाखान्यांत वापरली जाई. १८५८ साली मॉरिशसमधून डॉकर या लष्करी वैद्याने मोठ्या मात्रेचा पुरस्कार केल्यावर तिचा प्रसार फार वाढला, आणि दार्जिलिंगच्या सिंकोना मळ्यांच्या परिसरात तिच्या लागवडीची तजवीजही सरकारने केली. अडचण एकच होती. औषध पोटात टिकत नसे. अफूची मात्रा देऊन, रोग्यास उताणे निजवून आणि पाणी तोडून ती भुकटी गिळवावी, तरी मळमळ आणि ओकाऱ्यांनी तो अर्धमेला होई.

यकृतातील गळवाची कथा या काळात निराळ्याच दप्तरात नोंदली जात होती. मद्रास इलाख्यातील जेम्स ॲनेस्ले यांनी १८२८ साली हिंदुस्थानातील रोगांवर जो सचित्र ग्रंथ सिद्ध केला त्यात आमांश आणि यकृतविद्रधी एकाच देहात वारंवार भेटतात हे निरीक्षण आहे, परंतु अगोदर काय आणि नंतर काय याचा निवाडा होऊ शकला नाही. उष्ण हवा, मद्य, मांसाहार आणि पित्ताचा प्रकोप यांवर दोष जात राहिला. गळू पिकले की शस्त्रवैद्य बरगडीखाली छेद घेऊन ते उघडीत आणि पू वाहता ठेवीत. आज आपल्याला कळते की अमीबाच्या गळवातला तो विटकरी-तांबूस द्रव मुळात पूयजंतूंपासून मुक्त असतो. छेदाच्या वाटेने बाहेरचे जंतू आत शिरत, आणि मूळ रोगात दुसरा प्राणघातक रोग मिसळला जाई. शस्त्र चालविणारे हात कुशल होते, हेतू शुद्ध होता, आणि तरीही गोऱ्या पलटणींच्या दप्तरांत या गळवाने मरणाऱ्यांचे प्रमाण निम्म्यावरून खाली उतरेना.

कोडे उलगडू लागले ते सूक्ष्मदर्शकाखाली. १८७० च्या सुमारास कलकत्त्यात लुईस आणि कनिंगहॅम यांस मलात अमीबा दिसले होते. १८७५ साली सेंट पीटर्सबर्ग येथे लॉश यांनी आमांशाच्या रोग्याच्या मलातले जीव वर्णून त्यांचा संसर्ग कुत्र्यास करून दाखविला. १८८३ साली पटकीच्या शोधार्थ इजिप्तमध्ये गेलेल्या कॉख यांस मृतांच्या आतड्यांत आणि यकृताच्या गळवात हेच जीव आढळले, आणि अलेक्झांड्रियातल्या कार्टुलिस यांनी तो धागा नेटाने पुढे नेला. १८९१ साली बाल्टिमोर येथे कौन्सिलमन आणि लाफ्लर यांनी आमांश आणि यकृतविद्रधी यांस अमीबाच्या नावाने एकत्र बांधणारा आपला प्रबंध प्रसिद्ध केला, आणि १९०३ साली शाउडिन यांनी ऊती विरघळविणाऱ्या या जीवास आजचे शास्त्रीय नाव दिले. जन्यजनक नाते जुळले खरे, पण रोग्याच्या खाटेपर्यंत ते पोहोचविणारा माणूस अजून यावयाचा होता.

लेनर्ड रॉजर्स हे इंडियन मेडिकल सर्व्हिसमधले अधिकारी कलकत्त्यात शवचिकित्सेचे काम करीत. गळवातल्या द्रवात अमीबा क्वचितच सापडत असल्यामुळे पुष्कळांचा विश्वास डळमळत असे. रॉजर्स यांनी गळवाच्या भिंतीचा खरवडा तपासला आणि तेथे ते जिवंत सापडले. मग त्यांनी उलट दिशेने विचार केला. यकृतात पू होण्यापूर्वी यकृताचा दाह होत असला पाहिजे; त्या अवस्थेत ताप असतो, यकृत वाढते, रक्तातील श्वेतपेशी वाढतात, आणि त्याच वेळी आमांशाचे औषध दिले तर गळू होणारच नाही. इपिकॅकची भुकटी देऊन त्यांनी हे पडताळून पाहिले. आतड्याचे औषध यकृतासाठी, तेही आतड्याची तक्रार नसताना, योजणे हे त्या काळी धाडसाचे होते. परंतु साऱ्या कुळकथेचा कणा याच एका विचाराचा आहे.

उरला प्रश्न ओकाऱ्यांचा. इपिकॅकमधले मुख्य सत्त्व एमेटिन हे पेल्तिये आणि माझांदी यांनी पॅरिसमध्ये १८१७ सालीच वेगळे काढले होते, आणि १९११ च्या सुमारास मनिला येथे व्हेडर यांनी अत्यंत विरल द्रावणातही ते अमीबा मारते असे प्रयोगशाळेत दाखविले. रॉजर्स यांनी हे वाचताच एमेटिनचा विद्राव्य क्षार कातडीखाली टोचून पाहिला. औषध जठरास बगल देऊन थेट रक्तात गेले, वांतीचा प्रश्न सुटला, आणि ज्यांची आशा सोडली होती असे रोगी दोन-तीन दिवसांत सुधारू लागले. १९१२ साली त्यांनी हे वृत्त ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध केले. गळू मोठे असल्यास छेद न घेता पोकळ सुईने आतला द्रव ओढून काढावा आणि बाहेरची हवा आत जाऊ देऊ नये, हा त्यांचा आग्रहही तितकाच मोलाचा होता.

पुढली चार-पाच दशके एमेटिनच्या सुयांची होती. रोज एक ग्रेन याप्रमाणे आठ-दहा दिवस सुई द्यावयाची, त्या काळात रोग्याने अंथरूण सोडावयाचे नाही आणि डॉक्टरांनी नाडीवर नजर ठेवावयाची, असा शिरस्ता असे. या सक्त बंदोबस्ताचे कारण औषधाच्या स्वभावात होते. एमेटिन पेशींतील प्रथिनांची घडण थांबविते. अमीबाची थांबते तशी हृदयाच्या स्नायूचीही थांबू लागते, रक्तदाब घसरतो, नाडी धावते, आणि औषध शरीरातून फार सावकाश निघत असल्याने मात्रेवर मात्रा साचत जाते. तरुण, धट्टाकट्टा रोगी ते सोसे. वृद्ध, गर्भवती किंवा हृदयविकारी माणसाच्या बाबतीत वैद्यास रोग आणि औषध यांतले कमी घातक कोणते याची निवड करावी लागे. १९४८ साली हिवतापावरचे क्लोरोक्विन यकृतात फार मोठ्या प्रमाणावर साठते या गुणाचा उपयोग करून त्याची या गळवावर योजना झाली आणि एमेटिनचे ओझे थोडे हलके झाले. आतड्यात ते फारसे पोहोचत नसल्याने आव मात्र मागे राही.

खरा दिलासा आला तो १९६६ साली. जपानमध्ये मृत्तिकेतील जीवाणूंपासून मिळालेल्या ॲझोमायसिन या द्रव्याचा माग काढीत फ्रान्समधील रोन-पुलांक या कंपनीने १९५० च्या दशकात मेट्रोनिडॅझोल तयार केले होते, पण ते स्त्रियांच्या योनिदाहावरचे औषध म्हणून. डरबनच्या अमीबा-संशोधन केंद्रातील पॉवेल आणि त्यांचे सहकारी यांनी ते आमांशावर आणि यकृताच्या गळवावरही चालते असे दाखवून दिले. प्राणवायूवाचून जगणाऱ्या जीवाच्या पेशीत शिरल्यावरच हे औषध विषारी रूप घेते आणि त्याच्या आनुवंशिक द्रव्याचे तुकडे करते. माणसाच्या पेशीत ते बहुतांशी निरुपद्रवी राहते. एमेटिनला शत्रू-मित्र ओळखता येत नव्हते, याला ते येते. एकच गोळी आतड्याच्या भिंतीत आणि यकृतात पोहोचते, नव्वद टक्क्यांहून अधिक रोगी तीन-चार दिवसांत उतार दाखवितात, आणि त्यासाठी खाटेवर जखडून राहण्याची गरज पडत नाही. पुढे सोनोग्राफी आली तेव्हा गळू कोठे आहे, केवढे आहे, फुटण्याच्या बेतात आहे काय, हे अंदाजाने ठरविण्याचे दिवस संपले. आता सुई घालावी लागते ती फार मोठे गळू असेल, डाव्या खंडात असेल, किंवा औषधाने तीन ते पाच दिवसांत उतार पडत नसेल तर; आणि गळू फुटून पोटभर झाले असेल तरच शस्त्राकडे वळावे लागते. सोनोग्राफीच्या पडद्यावर गळवाची पोकळी पुढे काही महिने दिसत राहते, पण माणूस बरा असेल तर तिच्या मागे लागण्याचे कारण नसते.

या यशात एक उणीव मात्र आजही राहून जाते. मेट्रोनिडॅझोल आतड्यातून वेगाने शोषले जाते, म्हणूनच ते यकृतापर्यंत इतके उत्तम पोहोचते, आणि म्हणूनच आतड्याच्या पोकळीत राहणाऱ्या जीवांवर त्याचा पुरता अंमल बसत नाही. यकृतातले गळू बरे झालेल्या रोग्यांपैकी चाळीस ते साठ टक्क्यांच्या आतड्यात अमीबा मागे उरतो, असे वैद्यकाचे ग्रंथ सांगतात. यासाठी दुसरे औषध द्यावे लागते, जे मुद्दाम शोषले न जाता आतड्यातच काम करते. डायलोक्सॅनाइड फ्युरोएट पाचशे मिलिग्रॅम दिवसातून तीनदा दहा दिवस, किंवा पॅरोमोमायसिन, असा त्याचा क्रम आहे. ताप उतरला, भूक लागली, रोजगार बुडतो आहे, अशा वेळी या दुसऱ्या औषधाची चिठ्ठी खिशात तशीच राहते. कधी ती लिहिलीच जात नाही. मग तोच माणूस काही महिन्यांनी पुन्हा आजारी पडू शकतो, आणि दरम्यान त्याच्या मलातून कवचबंद जीव बाहेर पडून शेजाऱ्याच्या घागरीत जाण्याची वाट मोकळी राहते. एकोणिसाव्या शतकातल्या शस्त्रवैद्याने यकृताकडे पाहताना आतडे दृष्टिआड केले होते; दुसऱ्या गोळीवाचून रोग्यास घरी धाडणे ही त्याच विस्मृतीची आजची आवृत्ती होय.

आणि घागरीशी येऊन पोहोचलो म्हणजे या उपचाराचा पहिला अध्याय हाती येतो. निजामशाहीत नगर शहराला कापूरवाडीसारख्या उंचावरच्या ठिकाणांहून जमिनीखालच्या खापरी नळांतून पाणी आणले जाई. उगमापासून हौदापर्यंत पाणी झाकलेले राहावे या त्या रचनेमागच्या दृष्टीचे मोल आजच्या जंतुशास्त्राने वाढविलेच आहे. झाकलेला नळ फुटला किंवा सांडपाण्याच्या नळाशी त्याचा संबंध आला तर काय होते याचा दाखला १९३३ साली शिकागोने दिला : जागतिक प्रदर्शनासाठी आलेले प्रवासी ज्या दोन हॉटेलांत उतरले होते तेथील सदोष नळजोडणीमुळे सुमारे चौदाशे लोकांस अमीबाची बाधा झाली आणि अठ्ठ्याण्णव दगावले. श्रीमंत राष्ट्रातल्या श्रीमंत शहरात जे घडले ते वाढत्या उपनगरात सहज घडू शकते. नळास काही दिवसांआड पाणी येते, मधल्या काळात पोकळ झालेल्या नळात गटाराचे पाणी चिरेतून शिरते, आणि नेहमीच्या मात्रेतल्या क्लोरीनला अमीबाचे कवच दाद देत नाही. उकळलेल्या पाण्यात मात्र ते टिकत नाही. केडगावसारख्या ठिकाणी मुळा धरणाचे पाणी किती मिळते याची चर्चा रास्तच आहे. ते कोणत्या नळातून, किती अखंड दाबाने आणि गटारापासून किती अंतर राखून मिळते, हा प्रश्न नागरिकांनी तितक्याच हक्काने महापालिकेपुढे मांडला पाहिजे, कारण तो यकृताच्या आरोग्याचा प्रश्न आहे.

तेव्हा यकृतातल्या गळवाचा पूर्ण इलाज तीन ठिकाणी करावयाचा असतो. यकृतात मेट्रोनिडॅझोलने, आतड्यात दुसऱ्या औषधाने, आणि नळावर स्वच्छ पाण्याने. पहिल्यासाठी दोन सहस्र वर्षांच्या शोधाने आपल्याला समर्थ केले आहे; दुसऱ्यासाठी डॉक्टरांची आठवण आणि रोग्याचे दहा दिवस पुरतात; तिसऱ्यासाठी गावाला एकत्र यावे लागते. ज्यास ताप आणि उजव्या बरगडीखाली ठणका आहे त्याने आव पडल्याचे आठवत नाही म्हणून स्वस्थ बसू नये, पित्ताची गोळी घेऊन दिवस घालवू नयेत, सोनोग्राफी करून घ्यावी. ज्याचे गळू बरे झाले त्याने निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांस आतड्याच्या औषधाविषयी स्वतः विचारावे. आणि ज्याच्या घरी मुले आहेत त्याने नळाचे पाणी गढूळ वा वासाचे आले त्या दिवशी ते उकळूनच प्यावयास द्यावे व तक्रार लेखी नोंदवावी. एवढे झाले तर हा उपचार आपल्या कुळाचा शेवट गाठील, म्हणजे त्याची गरजच उरणार नाही.